जंगम घर आणि त्याचे मालकीपत्र

घर म्हटले म्हणजे ते स्थावर असणारच, त्याची नोंद जमिनीच्या दप्तरी सापडणारच आणि ते विकावयाचे झाल्यास दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन खरेदीखत नोंदवावे लागणारच, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ आहे की तिच्याविषयी कोणाच्या मनात किंतुही येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी असे ठरवून दिले, आणि घर व घरधनी यांचा संबंध तेव्हापासून जमिनीच्या कागदांशी कायमचा जोडला गेला. अमेरिकेत मात्र सुमारे दोन कोटी माणसे अशा घरांत राहतात की ज्यांपैकी बहुतेक घरे एकदा बसविल्यावर पुन्हा कधीही हलत नाहीत, ज्यांच्या पुढे लाकडी ओसरी बांधलेली असते, मागे भाजीचे वाफे असतात, ज्यांत मुले जन्मतात आणि वृद्ध माणसे शेवटचा श्वास घेतात. आणि तरीही अनेक राज्यांच्या सरकारी दप्तरी ही घरे जमिनीच्या नोंदवहीत नसून मोटारगाड्यांच्या नोंदवहीत असतात. या घरांना मोबाइल होम म्हणतात. असे घर विकावयाची वेळ आली म्हणजे कागदपत्रांच्या ज्या अडचणी उभ्या राहतात, त्या सोडविण्याचे मार्ग आहेत. परंतु ते समजून घेण्यासाठी प्रथम हे घर कायद्याच्या दृष्टीने जंगम का ठरले हे पाहिले पाहिजे.

मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावयाच्या प्रवासी ट्रेलरमध्ये या घराचा उगम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसामग्रीच्या कारखान्यांभोवती कामगारांची जी दाटी झाली तिच्या निवाऱ्यासाठी संघराज्य सरकारने असे ट्रेलर मोठ्या संख्येने विकत घेतले. युद्ध संपले, पण घरांची टंचाई संपली नाही, आणि तात्पुरत्या निवाऱ्यात राहावयास आलेली कुटुंबे त्याच निवाऱ्यात स्थिरावली. १९५४ साली विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफील्ड येथील एल्मर फ्रे या कारखानदाराने आठ फुटांची रूढ रुंदी ओलांडून दहा फूट रुंदीचे घर बाजारात आणले, आणि मोबाइल होम हे नावही त्यानेच प्रचारात आणले. रुंदी वाढताच घराच्या आत खोल्यांच्या एका बाजूने बोळ काढून मधल्या खोल्यांत न शिरता ये-जा करणे शक्य झाले, म्हणजे ते खऱ्या अर्थाने राहण्याजोगे झाले. त्याच वेळी रस्त्यावरून ते सहज ओढून नेणे दुरापास्त झाले. पुढे ही रुंदी वाढत गेली, दोन अर्धे भाग स्वतंत्रपणे आणून जागेवर जोडावयाची डबल-वाइड घरे निघाली, आणि १९७४ साली अमेरिकन काँग्रेसने या घरांच्या बांधणीसाठी व सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कायदा केला, ज्याची मानके १५ जून १९७६ पासून अमलात आली. त्यानंतर बांधलेल्या घराला कायद्याच्या भाषेत मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र मोबाइल होम किंवा नुसता ट्रेलर हाच शब्द राहिला. वस्तूचे स्वरूप असे पालटले, परंतु तिच्या मालकीची नोंद ठेवण्याची रीत ट्रेलरच्या काळचीच राहिली, आणि पुढील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

कारखान्यातून घर बाहेर पडताना त्याला उत्पादकाचा उत्पत्तिदाखला मिळतो. पहिला खरेदीदार तो दाखला राज्याच्या खात्यात जमा करतो आणि त्याच्या बदल्यात त्याला टायटल, म्हणजे मालकीपत्र, मिळते. हे मालकीपत्र देणारे खाते प्रत्येक राज्यात निराळे असते. फ्लोरिडात ते मोटार वाहन खाते आहे आणि दोन भागांच्या घरासाठी तेथे दोन स्वतंत्र टायटले निघतात; कॅलिफोर्नियात हे काम १९८१ साली मोटार वाहन खात्याकडून काढून गृहनिर्माण खात्याकडे देण्यात आले; टेक्सासात गृहनिर्माण खात्याचा एक स्वतंत्र विभाग टायटलऐवजी ‘स्टेटमेंट ऑफ ओनरशिप’ देतो; तर न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात हे घर सरळ स्थावर मानून त्याची विक्री जमिनीप्रमाणे नोंदणीकृत दस्ताने होते. एका राज्यात राहणाऱ्या मित्राने दिलेला सल्ला दुसऱ्या राज्यात निरुपयोगी, क्वचित हानिकारकही ठरतो, तो यामुळेच. म्हणून विक्रेत्याने पहिली चौकशी करावयाची ती आपल्या राज्यात हे दप्तर कोणाकडे आहे याची, आणि लगेच त्या कचेरीकडून आपल्या घराच्या नोंदीचा उतारा मागवावयाचा. जमीन विकण्यापूर्वी आपण सातबाराचा ताजा उतारा काढतो, तसाच हा प्रकार आहे. हातातील जुना कागद काय म्हणतो यापेक्षा दप्तरातील आजची नोंद काय म्हणते हे अधिक महत्त्वाचे.

उतारा हाती आल्यावर तो घराशी ताडून पाहावा लागतो. १९७६ नंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर, ओढताना जे टोक मागे राहते त्या टोकाच्या बाहेरच्या भिंतीवर, फरशीच्या पातळीपासून फूटभर उंचीवर, साधारण दोन इंच रुंद व चार इंच लांब अशी तांबड्या रंगाची धातूची पट्टी ठोकलेली असते आणि तिच्यावर तीन अक्षरे व काही अंक उमटविलेले असतात. आतमध्ये, बहुधा स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराच्या मागे, विजेच्या फळीजवळ किंवा निजण्याच्या खोलीतील कपाटात, एक छापील कागद चिकटविलेला असतो, ज्यावर कारखान्याचे नाव, बांधणीची तारीख, अनुक्रमांक आणि घर कोणत्या वाऱ्याच्या व हिमाच्या प्रदेशासाठी बांधले आहे याची माहिती असते. तिसरी खूण सर्वांत भरवशाची आणि पाहावयास सर्वांत कष्टाची: घराखालच्या पोलादी सांगाड्याच्या पुढच्या आडव्या तुळईवर अनुक्रमांक ठोकून उमटविलेला असतो. तेथे पोहोचण्यासाठी घराच्या तळाभोवती लावलेली झडप काढून, बॅटरी घेऊन आत सरपटत जावे लागते, तारेच्या ब्रशाने गंज खरवडावा लागतो, आणि मग कोठे अंक डोळ्यांना दिसू लागतात. दोन भागांच्या घरात अनुक्रमांकाच्या शेवटी पुष्कळदा ए आणि बी ही अक्षरे असतात, आणि नेमके तेच अक्षर दप्तरात गळलेले असते. कधी शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिलेला असतो, कधी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. लेखनिकाच्या हातून चाळीस वर्षांपूर्वी झालेली एवढीशी चूक आज विक्री थांबवू शकते. ती दुरुस्त होण्यासाठी अनुक्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र, प्रतिज्ञापत्र आणि काही राज्यांत सरकारी अधिकाऱ्याने जागेवर येऊन केलेली पाहणी लागते. बाहेरची तांबडी पट्टी रंगाखाली किंवा नव्या आच्छादनाखाली नाहीशी झाली असेल तर ती नव्याने मिळत नाही; संघराज्याच्या गृहनिर्माण खात्यासाठी हे दप्तर सांभाळणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी’ या संस्थेकडून पडताळणीचे पत्र मात्र मिळू शकते, आणि कर्ज देणारे बहुतेक सावकार ते ग्राह्य धरतात.

मालकीपत्र नुसते हरवले असेल तर ती अडचण लहान आहे. दप्तरी ज्याचे नाव आहे त्याने अर्ज करावा, शुल्क भरावे आणि दुय्यम प्रत घ्यावी. खरी बिकट परिस्थिती उद्भवते ती मालकीची साखळी मध्येच तुटलेली असते तेव्हा. तिचा प्रकार बहुधा असा असतो. पहिला मालक रोख पैसे घेऊन घर देतो, टायटलच्या मागच्या बाजूस विक्रेता म्हणून सही करतो आणि खरेदीदाराचे नाव लिहिण्याची जागा कोरी सोडून कागद हवाली करतो. दुसरा माणूस हस्तांतराचे शुल्क व विक्रीकर वाचविण्यासाठी, किंवा कचेरीतील खेपा टाळण्यासाठी, किंवा आता घर आपलेच झाले अशा भाबड्या समजुतीने, तो कागद पेटीत ठेवून देतो. दहा वर्षांनी तो तिसऱ्याला घर विकतो, पण तोपर्यंत कागद गहाळ झालेला असतो, म्हणून वहीच्या पानावर चार ओळी लिहून देतो. आता तिसऱ्याला घर विकावयाचे आहे. त्याने पूर्ण किंमत मोजली आहे, वर्षानुवर्षे जागेचे भाडे व कर भरले आहेत, छप्पर नवे घातले आहे, आणि तरीही दप्तरी मालक आहे तो पहिलाच माणूस. गरीब कुटुंबांचे जे नुकसान या एका सवयीने होते ते पाहून मन विषण्ण होते, कारण यात लबाडी क्वचितच असते.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे मूळ मालकाचा किंवा त्याच्या वारसांचा शोध. तो सापडला आणि राजी असला तर त्याच्या सहीने दुय्यम प्रत काढून, प्रत्येक मधल्या व्यवहाराचे विक्रीपत्र जोडून आणि राहिलेली शुल्के व दंड भरून साखळी पुन्हा सांधता येते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: जुन्या टायटलवर नाव खोडून दुसरे लिहिणे, पांढरा रंग लावून अक्षरे झाकणे, किंवा मधल्या माणसाला वगळून पहिल्याकडून आपल्याच नावे सही घेणे या वाटेला कोणी जाऊ नये. खाडाखोड झालेला कागद कचेरीत नाकारला जातो, आणि मधला व्यवहार लपविणे हा कर चुकविण्याचा प्रकार ठरतो. मूळ मालक सापडलाच नाही तर पुराव्यावर भिस्त ठेवावी लागते: कराच्या पावत्या, अशी घरे भाड्याच्या जागेवर जेथे उभी असतात त्या पार्कच्या भाड्याच्या पावत्या, वटलेले धनादेश, विम्याचे कागद, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, आणि मूळ मालकाच्या शेवटच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठविलेली व परत आलेली नोटीस. काही राज्ये अशा पुराव्यावर जामीनरोखा घेऊन मालकीपत्र देतात. म्हणजे अर्जदाराने विमा कंपनीकडून हमी घ्यावयाची की पुढे खरा मालक उभा राहिल्यास त्याची भरपाई होईल. जेथे ही सोय नाही तेथे दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून घेण्याचा दावा लावणे एवढाच मार्ग उरतो. तो खात्रीचा आहे, परंतु वकिलाचा खर्च पुष्कळदा घराच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो, म्हणून आधीचे सर्व उपाय थकल्याशिवाय तिकडे वळू नये.

दुसरी मोठी अडचण बोजाची. कर्ज फिटले तरी टायटलवरील सावकाराचे नाव आपोआप पुसले जात नाही. सावकाराने बोजामुक्तीचा दाखला द्यावा लागतो आणि तो दप्तरी पोहोचावा लागतो. आता या धंद्यातील सावकारांचा इतिहास पाहावा. १९९० च्या दशकात या घरांवर सर्वाधिक कर्जे देणारी ग्रीन ट्री फायनान्शियल ही कंपनी १९९८ साली कॉन्सेको या विमा कंपनीने विकत घेतली. डिसेंबर २००२ मध्ये कॉन्सेकोने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ग्रीन ट्री पुन्हा निराळी झाली, २०१५ साली डायटेक या नावात विलीन झाली आणि २०१९ साली डायटेकच्या मूळ कंपनीनेही दिवाळखोरीचा आश्रय घेतला. १९९६ साली कर्ज काढून ते २००६ साली फेडलेल्या विधवेने बोजामुक्तीचा दाखला कोणाकडे मागावा? उत्तर असे की कंपनी गेली तरी तिचे हक्क कोठे ना कोठे वर्ग झालेले असतात. राज्याच्या कंपनी-नोंदणी कचेरीत उत्तराधिकारी संस्थेचे नाव शोधावे आणि कर्जफेडीचा पुरावा जोडून तिला लेखी अर्ज करावा. सावकार बुडालेली बँक असेल तर अशा बँकांची अवसायक म्हणून काम पाहणारी फेडरल डिपॉझिट इन्शुरन्स कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था तपासाअंती दाखला देते. सावकाराच्या बोजाप्रमाणेच कराची थकबाकीही आडवी येते. कॅलिफोर्नियात स्थानिक मालमत्ताकर लागू असलेल्या घराच्या हस्तांतरासाठी परगण्याच्या कर-वसुली अधिकाऱ्याचा बेबाकी दाखला जोडावाच लागतो.

मृत मालकाच्या बाबतीत कायदा अपेक्षेपेक्षा उदार आहे. लहान मिळकतीसाठी बहुतेक राज्यांनी पूर्ण वारसा-प्रमाणपत्राची अट न घालता प्रतिज्ञापत्रावर हस्तांतराची सवलत ठेवली आहे. कॅलिफोर्नियात मृत्यूनंतर चाळीस दिवस लोटले असता वारसाला मृत्यूचा दाखला व प्रतिज्ञापत्र यांच्या आधारे गृहनिर्माण खात्याकडून घर आपल्या नावे करून घेता येते. तेथे जिवंतपणीच टायटलवर मरणोत्तर लाभधारकाचे नाव घालण्याचीही सोय आहे. मात्र जोडनावांकडे लक्ष द्यावे. फ्लोरिडात दोन नावांमध्ये ‘किंवा’ असेल तर एकाच्या सहीने घर विकता येते, ‘आणि’ असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. घटस्फोट होऊन वीस वर्षे लोटली तरी दप्तराला त्याची वार्ता नसते, आणि न्यायालयाच्या हुकुमाची साक्षांकित नक्कल दाखल केल्याखेरीज जुन्या जोडीदाराच्या सहीवाचून पुढे जाता येत नाही.

घर परक्याच्या जमिनीवर, म्हणजे पार्कमध्ये, असेल तर घराची मालकी निराळी आणि जागेची भाडेपट्टी निराळी. घर विकता येते, जागा नव्हे. नव्या रहिवाशाला पार्कच्या मालकाची संमती लागते. कॅलिफोर्नियातील कायद्याने या संमतीला मर्यादा घातल्या असून अर्जाचे उत्तर कामाच्या पंधरा दिवसांत द्यावे लागते. घर स्वतःच्या जमिनीवर असेल तर प्रश्न सोपा व्हावा असे वाटते, परंतु माझ्या मते सर्वांत फसवी अडचण येथेच दडलेली आहे. घर पायावर कायमचे बसवून, टायटल खात्याला परत करून आणि तसे प्रतिज्ञापत्र जमिनीच्या दप्तरी नोंदवून ते स्थावरात रूपांतरित करण्याची तरतूद पुष्कळ राज्यांत आहे. हे रूपांतर अर्धवट राहिले म्हणजे विपरीत स्थिती होते. चाके काढली, पाया बांधला, परगण्याने घर व जमीन यांवर एकत्र कर बसविला, पण टायटल परत करावयाचे राहिले. पुढे जमीन खरेदीखताने विकली गेली. घेणाऱ्याला वाटले की घरही त्यातच आले. कायद्याने जमीन त्याची झाली, घराचे टायटल मात्र जुन्या मालकाच्या नावे जिवंत राहिले. काही वर्षांनी हा घेणारा मिळकत विकावयास जातो तेव्हा मालकीचा तपास करणारी कंपनी ही उणीव दाखविते आणि खरेदीदाराची बँक कर्ज नाकारते. कराची पावती ही मालकीचा पुरावा नव्हे, हे आपल्याकडे जितके खरे तितकेच तेथेही खरे आहे. म्हणून अशी मिळकत घेणाऱ्याने खरेदीखताबरोबर टायटलही मागावे, अथवा ते रद्द झाल्याच्या नोंदीची नक्कल मागावी.

जंगम-स्थावराच्या या घोळाची किंमत रहिवाशाला कर्जातही मोजावी लागते. जंगमावरील कर्जाचा व्याजदर गृहकर्जाहून चढा असतो. एवढी माणसे ज्या घरांत राहतात ती घरे जमिनीवर स्थिर झाल्यावर स्थावर मानण्यास हरकत नसावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. राज्यांच्या कायद्यांत एकवाक्यता आणण्यासाठी झटणाऱ्या ‘युनिफॉर्म लॉ कमिशन’ने २०१२ साली याच धोरणाचा नमुना-कायदा तयार करून दिलेला आहे. कॅलिफोर्नियाने २०१६ साली केलेला कायदा तर अधिकच सहृदय होता: आधीच्या मालकांनी थकविलेली शुल्के व कर यांच्या ओझ्यामुळे ज्यांना घर स्वतःच्या नावे करता येत नव्हते अशा कुटुंबांना जुन्या थकबाकीची माफी देऊन नोंदणीचे दार उघडण्यात आले. इतर राज्यांनी हा कित्ता गिरवावा.

परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांमुळे हा विषय मराठी घरांतही येऊन पोहोचू शकतो. तिकडे वारलेल्या चुलत्याच्या घराला पुण्यातील पुतण्या वारस असेल तर सहीसाठी त्याने अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. तेथील विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून, ते नोटरीकडून साक्षांकित करून, राज्य शासनाच्या प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का घेतला म्हणजे तो दस्त तिकडे चालू शकतो, कारण भारत २००५ पासून अपोस्टिलविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. तत्पूर्वी त्या राज्याच्या खात्याला मुखत्यारपत्राचा विशिष्ट नमुना लागतो काय, एवढे विचारून घ्यावे.

खरेदीदार सापडल्यानंतर हे सर्व करू लागल्यास तो थांबत नाही, आणि घाईत कमी किमतीचा सौदा पदरी पडतो. तेव्हा ज्यांचे आईवडील, आप्त वा स्नेही अशा घरात राहत असतील त्यांनी विक्रीचा विचार नसला तरी दप्तराचा उतारा आताच मागवावा, त्यावरील नावे, जोडशब्द, बोजा आणि अनुक्रमांक तपासावे, आणि ज्यांच्या सह्या लागणार आहेत ती माणसे हयात व हाताशी आहेत तोवरच त्या घ्याव्यात.